लाकडासाठी रबर लावायचंय? मग आधी खोड बघा, चिकाचा आकडा नंतर

रबराची लागवड म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोणती व्हरायटी जास्त चीक देते? नर्सरीवालासुद्धा त्याचंच उत्तर तोंडपाठ करून बसलेला असतो कारण दिवसभर त्याला तेच विचारलं जातं. पण तुम्हाला बागेतून लाकूड काढायचं असेल, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी झाड तोडताना हातात चांगले ओंडके यावेत असं वाटत असेल, तर त्या उत्तरावर विसंबून रोपं उचलू नका, प्लीज. चीक सालीतून येतो आणि फळी खोडातून निघते, एकच झाड दोन्ही भरभरून देईलच असं नाही. ज्यांनी फक्त चिकाचा आकडा बघून लावलं त्यांच्या बागा तोडताना मी उभा राहून बघितल्यात, माणसाच्या उंचीवरच दोन फाटे फुटलेले, खालचा भाग टॅपिंगच्या (म्हणजे चीक काढायला चाकूने साल कापायच्या) जखमांनी गाठाळलेला, आणि सरळ साफ खोड म्हणाल तर जेमतेम दीड मीटर. पंचवीस वर्षं झाड सांभाळून शेवटी ते जळणात जाताना बघणं फार वाईट वाटतं.

एकेकाळी सगळंच रबर जळणात जायचं हे खरं आहे. म्हातारं झाड तोडायचं आणि भट्टीत घालायचं नाहीतर कोळसा करायचा. कारण हे लाकूड तोडल्यावर काही दिवसांतच निळं-काळं पडतं आणि त्याला बारीक भुंगे लागतात. नंतर बोरॉनचं औषध दाबाखाली लाकडात मुरवून ते भट्टीत वाळवायची पद्धत बसली आणि सगळं चित्र बदललं. मलेशियाचा फर्निचर धंदा आज मोठ्या प्रमाणात या लाकडावर चालतो. तेव्हापासून पैदासकारांनी झाडाकडे लाकडाच्या नजरेनेही बघायला सुरुवात केली, म्हणून आज निवडायला काहीतरी आहे.

आता आधी स्वतःशी एक गोष्ट पक्की करा, चीक काढायचा आहे का, आणि काढायचा असेल तर किती वर्षं. हे ठरल्याशिवाय व्हरायटी निवडताच येत नाही. चीक हाच मुख्य धंदा आणि शेवटी मिळेल ते लाकूड, असं असेल तर चिकाच्या क्लोनमधलाच (क्लोन म्हणजे एकाच निवडलेल्या झाडापासून डोळा भरून वाढवलेली व्हरायटी, पुढे सविस्तर सांगतो) जरा धिप्पाड वाढणारा घ्या. दोन्ही हवं असेल तर ज्यांना चीक-लाकूड क्लोन म्हणतात ते बघा. आणि फक्त लाकूड हवं असेल, चाकू लावायचाच नाही किंवा शेवटची चार-पाच वर्षंच लावायचा, तर चिकाचा आकडा अगदी विसरून जा, निव्वळ वाढ आणि खोड बघा. टॅपिंग सुरू झालं की झाडाची ताकद चिकाकडे वळते आणि घेर वाढायचा वेग लगेच मंदावतो. त्यामुळे बिनटॅपिंगच्या झाडाचा आकडा वाचून टॅपिंग करायच्या बागेचा हिशोब मांडला तर तो फसणारच.

क्लोन म्हणजे काय हे एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. एका निवडलेल्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, काढून तो बियांपासून वाढवलेल्या खुंटावर भरतात, त्या डोळ्यातून जे झाड उभं राहतं ते वरच्या भागात मूळ झाडासारखंच. ही डोळा भरायची पद्धत जावामध्ये १९१०च्या दशकात बसवली गेली. लाकडाच्या दृष्टीने याचा एक मोठा फायदा आहे जो फार कोणी सांगत नाही. बियांच्या झाडाचं खोड बुंध्याशी जाड आणि वर निमुळतं होत जातं, गाजरासारखं. डोळा भरलेल्या झाडाचं खोड खालपासून वरपर्यंत बऱ्यापैकी सारख्या जाडीचं राहतं, आणि करवतीला तेच हवं असतं कारण निमुळत्या ओंडक्याचं कडेचं लाकूड सगळं छाटात जातं. तेव्हा बियांची रोपं स्वस्त मिळतायत म्हणून घेऊ नका. शिवाय बियांच्या बागेत प्रत्येक झाड वेगळं निघतं, एक बारा महिने पळतंय आणि शेजारचं रडतंय.

आणि हे सगळे क्लोन एकमेकांचे किती जवळचे नातेवाईक आहेत तेही लक्षात ठेवा. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलहून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानात नेल्या, त्यातल्या थोड्याच उगवल्या, आणि त्या रोपांतून आशियातलं जवळपास सगळं रबर पसरलं. म्हणूनच १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहीम काढून ब्राझीलच्या आक्रे, रोन्डोनिया आणि मातो ग्रोसो भागातून ६४ हजारांवर नव्या बिया गोळा करायला लागल्या. त्या जंगली वाणांत चीक कमी असतो पण काहींची वाढ जबरदस्त असते, त्यामुळे लाकडासाठी पुढच्या पैदाशीत त्यांची किंमत मोठी आहे.

आता येऊ खोडाकडे. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळा खेळ इथेच आहे.

एक साधा हिशोब करून बघा. खोडाचा मधला घेर १०० सेंमी आहे आणि साफ लांबी ४ मीटर, तर घेर मीटरमध्ये घेऊन घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले साधारण १२.५७ (म्हणजे ४ × π) केलं की सुमारे ०.३२ घनमीटर येतं. आता दुसरं झाड घ्या, लांबी तीच पण घेर ८० सेंमी. उत्तर येतं ०.२० च्या आसपास. घेर फक्त २० टक्क्यांनी कमी झाला आणि लाकूड ३६ टक्क्यांनी गेलं! घेराचा वर्ग होतो म्हणून असं होतं. लांबीचं गणित मात्र सरळ आहे, साफ खोड ४ ऐवजी ६ मीटर मिळालं की लाकूड दीडपट. म्हणून क्लोनच्या माहितीत फक्त घेर दिला असेल तर तेवढ्यावर थांबू नका, पहिली फांदी किती उंचीवर फुटते ते विचारा. कारखान्यात बरेचदा १.८ मीटरचे तुकडे पाडतात, तेव्हा दुसरा पूर्ण तुकडा निघतो की नाही हे त्या पहिल्या फाट्याच्या उंचीवर ठरतं.

माहितीपत्रकाच्या पुढे जाऊन एकदा तरी त्या क्लोनचं मोठं झाड, निदान पंधरा वर्षांचं, प्रत्यक्ष बघा. फोटोत सगळी झाडं सरळ दिसतात. झाडाखाली जाऊन उभे राहा, खोडाला पाठ टेकवा आणि वर बघा, मग लगेच दिसतं की खोड वरपर्यंत एकच राहिलंय की मध्येच दोन-तीन सारख्या जाडीच्या फांद्यांत वाटलं गेलंय. मग फाट्याचा कोन बघा. फांदी खोडापासून मोकळी, रुंद कोनात निघाली असेल तर सांधा मजबूत असतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखा अरुंद फाटा असेल तर दोन फांद्यांच्या मध्ये साल दाबली जाते, आत लाकडाला लाकूड नीट जुळतच नाही, आणि जोराचा वारा आला की झाड तिथूनच उभं चिरतं. अशा फाट्यात मी बोट घालून बघितलंय, वरून घट्ट वाटतं पण आत काळी, ओलसर साल दुमडलेली असते. चिरलेलं खोड फळीच्या कामाचं राहत नाही.

एकाच झाडावर मत बनवू नका. एका ओळीत सलग वीस झाडं मोजा, टेप घेऊन, दर वेळी जमिनीपासून त्याच उंचीवर. किती झाडं सरळ, किती फाटलेली, किती पडून गेली, वहीत लिहा. सरासरीपेक्षा मला झाडं सारखी आहेत का हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ओंडके घेणारा एकाच मापाचा माल मागतो.

घेराचे दोन आकडे मागा, टॅपिंग सुरू होण्याआधीचा आणि टॅपिंग चालू असतानाचा. साधारण नियम असा की खोडाचा घेर ५० सेंमी झाला की झाड टॅपिंगला तयार समजतात, नेहमीच्या क्लोनला त्याला सहा-सात वर्षं लागतात आणि जोमदार क्लोन त्याआधीच तिथे पोचतात. पण काही क्लोन सुरुवातीला पळतात आणि चाकू लागला की थंडावतात. लाकडासाठी दुसरा आकडाच जास्त बोलका.

आता नावं. त्यातली अक्षरं बहुतेकदा क्लोन काढणाऱ्या संस्थेची किंवा मळ्याची असतात आणि पुढचा आकडा म्हणजे क्लोनचा क्रमांक. आरआरआयएम ६०० हा जुना मलेशियन क्लोन थायलंडमध्ये प्रचंड लावलाय, भरवशाचा आहे, पण फांद्या झाडूसारख्या वर जातात आणि फाटे अरुंद असतात, शिवाय फायटोप्थोरा या रोगजंतूमुळे होणारी पानगळ आणि सालीवरचा गुलाबी रोग यांना तो बळी पडतो. निव्वळ लाकडासाठी मी तो घेणार नाही. जीटी १ जावातला आणखी जुना, वाऱ्यात बऱ्यापैकी तग धरतो, थंडीही सोसतो, वाढ मात्र मध्यमच. भारताचा आरआरआयआय १०५ चिकासाठी नावाजलेला, १९८० साली आला, पण तो मुळात चिकासाठीच निवडलेला आहे, टॅपिंगनंतर घेर फार वाढत नाही. त्याच्यापासून आणि श्रीलंकेच्या आरआरआयसी १०० पासून झालेले आरआरआयआय ४१४ आणि ४३० वाढीला त्याच्यापेक्षा सरस आहेत, दोन्ही हवं असणाऱ्यांनी ते जरूर बघावेत. जुन्यांपैकी आरआरआयआय ११८ आणि २०३ हे धिप्पाड वाढणारे.

थायलंडच्या रबर संशोधन संस्थेने एक छान सोय केली, क्लोनचे तीन गट पाडले, चिकाचे, चीक-लाकडाचे आणि लाकडाचे. मधल्या गटात पीबी २३५, पीबी २५५, पीबी २६० आणि आरआरआयसी ११० अशी नावं आली, आणि लाकडाच्या गटात चाचेंगसाओ ५०, अॅव्हरॉस २०३७ आणि बीपीएम १. पीबी २३५ बघितलंत तर प्रेमातच पडाल, उंच, सरळ, झपाट्याने वाढणारं. पण त्याला भुरी रोग लागतो, आणि जोर लावून टॅपिंग केलं तर साल सुकते, चीक बंद पडतो. ज्याला चाकू कमीच लावायचा आहे त्याने ही दुसरी अडचण मनावर घ्यायचं कारण नाही, बघा, एकाचा दोष दुसऱ्याला चालून जातो तो असा. मलेशियाने तर चीक आणि लाकूड दोन्ही डोळ्यासमोर ठेवून आरआरआयएम २००० मालिका आणली, आरआरआयएम २०२५ वगैरे त्यातलेच, आणि २००६ नंतरच्या त्यांच्या वनलागवड कार्यक्रमात रबर मुख्य झाडांपैकी एक होतं. इंडोनेशियात आयआरआर मालिका, व्हिएतनाममध्ये आरआरआयव्ही मालिका.

पण ही नावं वाचून लगेच ऑर्डर देऊ नका. एका ठिकाणी पहिला आलेला क्लोन दुसरीकडे मागे पडतो हे रबरात नेहमीचं आहे. तुमच्या भागातल्या संशोधन केंद्राने, तुमच्यासारख्या पावसात आणि मातीत, निदान दहा-बारा वर्षं चाचणी घेतलेला क्लोन हा परदेशातल्या चकचकीत आकड्यापेक्षा कधीही बरा. क्रॉस केल्यापासून शिफारस होईपर्यंत पंचवीस-तीस वर्षं जातात ती उगीच नाही.

वारा हा लाकडाच्या बागेचा सगळ्यात मोठा शत्रू, माझ्या मते रोगापेक्षाही. चीकवाल्याचं झाड पडलं तर पुढचा चीक जातो, लाकडवाल्याचं तर सगळं भांडवलच उभं असतं. आरआरआयएम ५०१, ६०५, ६२३ हे जुने क्लोन खोड मोडण्यासाठी बदनाम होते. चीनच्या हायनान बेटावर वादळं नेहमीची, तिथे पीआर १०७ सारखा वाऱ्यात टिकणारा क्लोन महत्त्वाचा ठरला, आणि त्याचा आरआरआयएम ६०० शी संकर करून काढलेला रेयान ७-३३-९७ तिथे खूप लावला गेला. तुमच्याकडे वादळं येत असतील तर वाढ दोन पावलं कमी चालेल पण फांद्यांचा डेरा हलका आणि समतोल हवा. थंडी पडत असेल तर जीटी १, आयएएन ८७३ अशी थंडी सोसणारी नावं आधी तपासा.

रोगाच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो, ती पुरेशी आहे. श्रीलंकेत आरआरआयसी १०३ हा क्लोन चांगला म्हणून लावला गेला आणि १९८०च्या दशकात त्याच्यावर कोरिनेस्पोरा नावाची पानगळीची बुरशी अशी काही आली की लावलेल्या बागा उपटायला लागल्या. तोवर तो जोमदारच दिसत होता. म्हणून एकच क्लोन सगळीकडे लावू नका, मग तो कितीही भारी असो. तीन-चार क्लोन घ्या, पण एकाच ओळीत मिसळू नका, कारण जोरात वाढणारा शेजारच्या मंद क्लोनचं ऊन खातो आणि तो बिचारा उजेडाकडे वाकतो. प्रत्येक क्लोनचा वेगळा तुकडा करा. आणि ते क्लोन एकाच आईबापाचे नाहीत ना ते बघा, आरआरआयआय ४१४ आणि ४३० ही सख्खी भावंडं आहेत, कागदावर दोन नावं असली तरी.

खोड वाकलं की काय होतं ते लाकूड कापताना कळतं. वाकलेल्या झाडाच्या वरच्या बाजूला ताणाचं लाकूड तयार होतं, त्याचे तंतू करवतीला धड कापले जात नाहीत. मी एकदा अशा फळीवर हात फिरवला होता, रंधा मारूनही कापसासारखी लव उभी राहिलेली, आणि शेजारची सरळ झाडाची फळी काचेसारखी गुळगुळीत. लव असलेल्या फळीवर पॉलिश डागाळतं आणि वाळताना ती पिळते. थोडं ताणाचं लाकूड सरळ झाडातही असतं, पण वाकण्याकडे कल असलेला क्लोन उताराच्या जमिनीवर लावला तर ते वाढतंच. उतार असेल तर सरळ वाढीचा क्लोन ही चैन समजू नका, तिथे ती गरज आहे.

घट्टपणाचं बोलायचं तर रबराचं वाळलेलं लाकूड घनमीटरला साधारण ५६० ते ६५० किलो भरतं, क्लोननुसार आणि वयानुसार थोडा फरक पडतो. फर्निचरला एवढं पुरतं. उगीच फार लवकर तोडलं तर कोवळ्या लाकडाचं प्रमाण जास्त येतं, म्हणून झपाट्याने वाढणारा क्लोन घेतला तरी घेर झाला की लगेच कुऱ्हाड असं करू नका. निळी बुरशी आणि भुंगे मात्र सगळ्याच क्लोनना लागतात, कारण लाकडात साखर आणि स्टार्च भरपूर. त्यावर क्लोन बदलून सुटका नाही, तोडल्यावर दोन-तीन दिवसांत कापणं आणि कापल्या कापल्या औषध देणं हाच मार्ग. तेव्हा तोडणीची वेळ येण्याआधी प्रक्रिया करणारा कारखाना किती लांब आहे ते बघून ठेवा.

नर्सरीत गेलात की डोळे कुठून आणले ते विचारा. डोळ्यांच्या फांद्या नोंदणी केलेल्या मातृबागेतून आल्या पाहिजेत, बाजूच्या कोणाच्या बागेतून तोडून आणलेल्या नकोत. नाव एक आणि झाड दुसरंच, ही फसवणूक माझ्या स्वतःच्या वाट्याला आली आहे. एका नर्सरीतून घेतलेल्या रोपांत मला दोन वेगळ्या आकाराची पानं दिसली ती तिसऱ्या वर्षी, तेव्हा हातात काही नव्हतं. म्हणून आता मी रोपं घेतानाच पानं ओळीने तपासतो. एका क्लोनच्या रोपांची तिन्ही पर्णिका, त्यांची टोकं, देठाचा कोन, पानांच्या थरांमधलं अंतर सगळं सारखं दिसायला हवं, एक रोप वेगळं दिसलं तरी ते बाजूला काढा. मोठ्या झाडाखाली बिया मिळाल्या तर त्याही ओळख पटवतात, कारण बीच्या टरफलावरची नक्षी आईकडून येते, त्यामुळे एका क्लोनच्या सगळ्या बियांवर ती सारखीच असते, परागकण कुठलेही असोत.

खुंटाकडेही बघा. खुंट जोमदार क्लोनच्या बियांपासून असावा, मूळ सरळ खाली गेलेलं असावं. पिशवीत गोल फिरलेलं मूळ असेल तर ते रोप घेऊच नका. वर कितीही चांगला डोळा भरलेला असला तरी असं झाड मोठं होऊन वाऱ्यात मुळासकट आडवं होतं.

लावल्यावर निवडीचं चीज करणं तुमच्याच हातात. चिकासाठी हेक्टरी साधारण ४०० ते ५०० झाडं लावतात, लाकडासाठी सुरुवातीला थोडी दाट लावली तर खोडं सरळ उंच जातात आणि खालच्या फांद्या आपोआप कमी राहतात, पण मग वेळेवर विरळणी करायलाच हवी नाहीतर सगळीच बारीक राहतील. विरळणीत वाकडी, फाटलेली आधी काढा. चीकवाले अडीच मीटरवर शेंडा अडवून फांद्या फोडतात ना, ते लाकडाच्या बागेत अजिबात करू नका. बाजूचे फुटवे कोवळे, हिरवे असतानाच खोडालगत कापा, जाड झाल्यावर कापलं तर गाठ फळीत राहते. आणि जुन्या बागेच्या जागी लावत असाल तर जुनी खुंटं मुळासकट काढा, पांढरी मूळकूज त्यांच्यातूनच नव्या झाडांना लागते आणि तिला दाद न देणारा क्लोन शोधत बसण्यात अर्थ नाही.

शेवटी एक कागद. कोणत्या तुकड्यात कोणता क्लोन, डोळा कुठला, खुंट कुठला, लावल्याची तारीख, असा बागेचा नकाशा काढून ठेवा आणि दरवर्षी ठरलेल्या महिन्यात त्याच वीस झाडांचा घेर त्याच उंचीवर मोजून त्यावर लिहा, खोडावर रंगाचा पट्टा मारून ठेवला की उंची चुकत नाही. पाच-सहा वर्षांचे आकडे जमले की तुमच्या जमिनीत कोणता क्लोन चालतो हे तुम्हाला कोणाला विचारायला लागणार नाही, आणि शेजारचा लावायला निघाला की तो तुमच्याकडे येईल.